सा जागचा हलतो

जॅझ गिटार शिकायची असेल तर उमरग्याला जा, असा सल्ला कुणी देणार नाही. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘नवशिके’ हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर विणकाम, पोहणं, फार तर पन्नाशीनंतर मोडी लिपी असं काहीतरी असणार. मी सांगितलं, उमरग्यात दोन पोरं जॅझ गिटार शिकतायत, जाऊन बघतो. त्यांचा पहिला प्रश्न साहजिकच होता: तिथं शिकवतं कोण?

शिकवणारा कुणी नाही. मला त्याचंच कुतूहल होतं. ज्या संगीताचा क्लास नाही, कार्यक्रम नाही, ज्याची रेकॉर्ड कुणाच्या घरात कधी वाजली नाही, ते शिकायला माणूस सुरुवात कुठून करतो?

उमरगा धाराशिव जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर. रेल्वे नाही. पुढे कर्नाटक लागतं. बाजारात एखादा माणूस मराठीत भाव सांगतो, कन्नडमध्ये घासाघीस करतो आणि दखनीत हसतो. वाद्यांचीही अशीच सरमिसळ आहे. भजनी मंडळांची पेटी-पखवाज, तुळजापूर जवळ असल्यानं आराध्यांची गाणी आणि गोंधळ्यांचं संबळ, जयंतीला भीमगीतांच्या पार्ट्या आणि लग्नसराईत बँजो. हा बँजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला, विजेवर चालणारा बुलबुलतरंग. त्याची गाडी गल्लीत शिरली की घरातली भांडी थरथरतात. गिटार या सगळ्यात नवखी आहे, पण दुर्मीळ राहिलेली नाही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एक तरी असतेच.

गिटार होती, गाणी संपली

दोघांतला एक औषधांच्या दुकानात बसतो, दुसरा बी.एस्सी. करतो. खत-बियाणांच्या दुकानावरची माळवजा खोली त्यांनी सरावासाठी मिळवली आहे. खाली युरियाचा वास, वर दोन गिटारी, एक मोडका स्टूल आणि भिंतीला टेकवलेला मोबाइल. गिटारी साध्याच, पोलादी तारांच्या आणि मोठ्या पोटाच्या. एक सोलापूरहून आणलेली, दुसरी कुणाची तरी जुनी.

दोघंही आधी सगळे शिकतात तेच शिकले. जी, डी, ई मायनर, सी. या चार कॉर्ड आल्या की हिंदी-मराठीतली ढीगभर गाणी साथीला घेता येतात. पट्टी बदलायची तर मानेवर कॅपो लावायचा, बोटं तीच. मोकळ्या तारा झणझणत राहतात, ऐकणाऱ्याला गिटार वाजल्याचं समाधान मिळतं. अडचण आली ती जुन्या हिंदी चित्रपटगीतांशी. मोबाइलवर ती गाणी लावून बरोबर वाजवायला गेलं की मध्येच एखादी जागा यायची, जिथं चारपैकी एकही कॉर्ड बसेना. ‘चूक नाय वाटत, पण बरोबर पण नाय,’ असं औषधांच्या दुकानातला म्हणाला. ती जागा शोधता शोधता ‘सेव्हन’ लागलेल्या कॉर्ड सापडल्या आणि त्यांचा माग काढत दोघं जॅझपाशी पोचले.

मला ही वाट पटते. जॅझ ‘आवडतं’ म्हणून शिकायला घेणारे पुष्कळ असतात आणि बहुतेक सगळे तिसऱ्या महिन्यात गळतात. एका न सुटणाऱ्या जागेपायी आलेला माणूस टिकतो.

तीन तारा, तीन बोटं

इंटरनेटवर ‘जॅझ कॉर्ड’ शोधलं की बोटं पिळवटणारे तक्ते निघतात. चार-पाच तारा एका वेळी दाबायच्या, करंगळी कुठल्या कुठं ताणायची. दोघांनीही सुरुवातीला यात बोटं दुखवून घेतली. त्यांना तारणारी गोष्ट फारच किरकोळ निघाली: सगळ्या तारा वाजवायच्या नसतात.

कॉर्डला तिचा स्वभाव देणारे सूर दोनच, तिच्या मूळ सुरापासून मोजलेला तिसरा आणि सातवा. ती मेजर की मायनर हे तिसरा सांगतो; ती इथं विसावणार की पुढं कुठं निघणार, याची चाहूल सातवा देतो. पाचवा बहुधा सोडला तरी चालतो. मूळ सूर तर बँडमध्ये बासवालाच धरतो, पण एकट्यानं सराव करताना तो ठेवायचा. म्हणजे तीन सूर, तीन तारा. उरलेल्या तारा बोटांच्या बाजूनं हलकेच मुक्या करायच्या.

दुकानवाल्यानं हे माझ्यासमोर वाजवून दाखवलं. डी मायनर सेव्हन: पाचव्या तारेवर पाचवा फ्रेट, चौथीवर तिसरा, तिसरीवर पाचवा. मग जी सेव्हन: सहाव्या तारेवर तिसरा, चौथीवर तिसरा, तिसरीवर चौथा. मग सी मेजर सेव्हन: पाचवीवर तिसरा, चौथीवर दुसरा, तिसरीवर चौथा. पुन्हा पुन्हा, सावकाश. मी पेटीवाला माणूस, मला फ्रेटचे आकडे पटकन कळत नाहीत. पांढरी एकचा सा धरून मी ते स्वर लिहून काढले: रे-म-सां, प-म-नी, सा-ग-नी.

लिहिल्यावर गंमत दिसली. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना म हललाच नाही, फक्त सां एक पायरी उतरून नी झाला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना नी तिथंच राहिला आणि म उतरून ग झाला. खालचा मूळ सूर मोठ्या उड्या मारतो, वरचे दोघं मात्र आळीपाळीनं जेमतेम एकेक फ्रेट सरकतात. जॅझमधल्या असंख्य गाण्यांचा सांगाडा हाच. सप्तकातल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या पायरीवरच्या या तीन कॉर्ड. वाजवणारे याला ‘टू-फाइव्ह-वन’ म्हणतात. नवशिक्यानं बाकी सगळं बाजूला ठेवून या तीन आकृत्यांमधलं सरकणं कानात भरून घ्यावं. कॉलेजवाला डोळे मिटून फक्त वरचे दोन सूर वाजवत बसतो, आणि त्या दोन सुरांतून अख्खं गाणं ओळखू येतं.

बुवा आणि काळी दोन

खोलीत अधूनमधून भजनी मंडळातले एक पेटीवाले बुवा येतात. वय सत्तरीच्या आसपास, कानात भिकबाळी, बोटं अजून चपळ. गिटारचा त्यांना आदर नाही, पोरांविषयी माया आहे. मी गेलो त्या दिवशी पोरांनी त्यांना ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं ‘सो व्हॉट’ ऐकवलं. १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या रेकॉर्डवरचं पहिलंच वादन. बुवांनी दोन-चार क्षण ऐकलं, पेटी पुढं ओढली आणि पांढरी दोनचा सा धरून काफी वाजवायला सुरुवात केली. अगदी बरोबर. डी या स्वरापासून नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर चालणारा हा मेळ पाश्चात्त्य संगीतात डोरियन म्हणून ओळखला जातो, स्वरांच्या हिशेबानं तो आपला काफी थाट.

सोळा मात्रांच्या नव्हे, सोळा बारच्या (इथं एक बार म्हणजे चार मात्रा) मुक्कामानंतर अख्खा बँड अर्धा स्वर वर गेला. मेळ काफीचाच, सा मात्र काळी दोनवर. बुवांची बोटं पांढऱ्या पट्ट्यांवर बेसूर झाली. ‘आरं, सा कुठं पळवलास?’ ते पोराकडं बघून म्हणाले, जणू त्यानंच तो लपवला होता. आठ बारनंतर बँड परत पांढरी दोनवर आला. बुवांनी ते ओळखलं, हसले आणि म्हणाले, ‘परत लाव.’

जॅझकडं वळणाऱ्या आपल्याकडच्या माणसाची खरी अडचण मला इथं दिसते. आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं, याचं आपल्याला काही नवल नाही; भजनातला साधा पेटीवालाही दोन कडव्यांमध्ये स्वतःची जागा घेतोच. आवर्तन मोजणं, समेवर येणं, एकानं वाजवताना दुसऱ्यानं धरून ठेवणं, हे सगळं अंगात असतं. आपल्याला सवय नाही ती जमीन हलण्याची. तंबोरा सुरू झाला की सा ठरला, मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. जॅझमध्ये सा दर काही बारांनी जागा बदलतो. नवशिक्यांना हमखास दिलं जाणारं ‘ऑटम लीव्ह्ज’ घ्या. जोसेफ कोस्मानं १९४५ मध्ये पॅरिसमध्ये रचलेली ही चाल चार बार मेजरमध्ये राहते, पुढचे चार त्याच स्वरांतल्या मायनरमध्ये. ऐकणाऱ्याला ती एकसंध वाटते, वाजवणाऱ्याला मात्र घर कुठं आहे ते दर वळणावर नव्यानं ओळखावं लागतं.

भातखंडे यांच्या थाटपद्धतीचा इथं उपयोग होतो, तो जपून करावा. पाश्चात्त्य मोड म्हणून जे सात मेळ शिकवले जातात, त्यांतले सहा आपल्या बिलावल, काफी, भैरवी, कल्याण, खमाज आणि आसावरी या थाटांशी जुळतात. ज्याला हे थाट पेटीवर येतात, त्याचं महिन्यांचं काम वाचतं. पण थाट म्हणजे राग नव्हे. डोरियनला वादी-संवादी नाहीत, चलन नाही, वेळ नाही. तिथं काफी रागाचं अंग दाखवायला गेलात तर ते छान वाटेल, जॅझ वाटणार नाही.

पुंतांब्याचा माणूस आणि गोव्याचे ट्रम्पेट

हे संगीत मराठी माणसाला परकं, अशी आपली समजूत आहे. ती खरी नाही. १९३५ मध्ये लिऑन अॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, मागून टेडी वेदरफोर्डसारखे पियानोवादक आले. त्यांच्याकडून हे संगीत उचललं ते मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. गोव्यात चर्चच्या शाळांतून मेस्त्री मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवत. त्यामुळं मुंबईत येणाऱ्या गोवेकर पोराच्या हातात वाद्य असे आणि समोरचा कागद त्याला वाचता येई. आल्दोनाचे अँटोनियो झेव्हियर वाझ हे ‘चिक चॉकोलेट’ या नावानं ट्रम्पेट वाजवू लागले. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

हॉटेलातलं हे वादन गावोगावी पोचवलं सिनेमानं. त्यात पुंतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे चितळकर, यांचा वाटा मोठा आहे. १९५१ च्या ‘अलबेला’त तर चिक चॉकोलेट आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. चाल नगर जिल्ह्यातल्या माणसाची, ट्रम्पेट बार्देशाचं, तंत्र हार्लेमकडून आलेलं. आणि अशी गाणी तंबूतल्या टॉकीजमध्ये ऐकणाऱ्या प्रेक्षकाला त्यांत काही परकं वाटलं नाही. उमरग्याच्या पोरांना अडलेली ती ‘चूक नाय पण बरोबर पण नाय’ अशी जागा अशाच गाण्यांतली होती.

मुंबईला गेलो तेव्हा धोबी तलावावर मुद्दाम फिरलो. गोवेकरांच्या कुडी, म्हणजे सामायिक मुक्कामाच्या जागा, याच भागात; बोटीवर जाणारे आणि बँडात वाजवणारे तिथं उतरत. १८६५ पासूनचं फुर्टाडोजचं वाद्यांचं दुकानही तिथलंच. जवळच रंगभवन आहे. १९७८ साली पहिली जॅझ यात्रा याच खुल्या नाट्यगृहात भरली आणि सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक तिथं वाजवून गेला. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळं तो रंगमंच पुढं गप्प झाला. जॅझ मुंबईतही श्रीमंत हॉटेलांच्या आणि सभागृहांच्या आत सरकलं ते बरंचसं अशा कारणांनी. ते बड्या लोकांचं संगीत आहे हा गैरसमज त्यातूनच पक्का झाला.

मराठवाड्यानं तर हा गैरसमज बाळगूच नये. कृष्णवर्णीय अमेरिकनांचं साहित्य मराठीत आणण्यात या भागाचा पुढाकार होता. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात त्याविषयी बोलत होते, लातूरच्या डॉ. जनार्दन वाघमारे यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. कविता आल्या, कादंबऱ्यांची चर्चा आली, चळवळ आली. ज्या माणसांनी हे सगळं घडवलं त्यांचं संगीत मात्र वाटेत कुठंतरी राहून गेलं. बारा बारांचा ब्लूज हा जॅझ शिकणाऱ्याचा पहिला धडा. तो कापसाच्या शेतांतून आणि मजुरांच्या वस्त्यांतून आला आहे. भीमगीतांच्या पार्टीतल्या एखाद्या गायकाला तो एकदा ऐकवून बघावा असं मला फार वाटतं.

गुरू रेकॉर्डमध्ये

शिक्षक नाही याचा बाऊ पोरं करत नाहीत. इतिहास त्यांच्या बाजूनं आहे. बँडमध्ये गिटार पूर्वी फक्त ठेका धरायची, कारण ट्रम्पेट-सॅक्सोफोनपुढं तिचा आवाजच निघत नसे. काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन १९३७ पासून पुढची पन्नास वर्षं विजेविना, दर बारला चार ठोके देत, नुसती लय धरून बसला आणि त्यातच थोर ठरला. चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये दाखल झाला तो विजेवरची गिटार घेऊन. गिटारला एकट्यानं बोलायला त्यानं शिकवलं आणि १९४२ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, क्षयानं गेला. त्याच्या रेकॉर्ड ऐकून इंडियानापोलिसचा वेस माँटगोमेरी शिकला. त्याला स्वरलिपी वाचता येत नसे. दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबात वादन. आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मिझराबीऐवजी अंगठ्यानं वाजवायला लागला आणि तोच मऊ आवाज त्याची ओळख झाला. आपल्याकडं कोलकात्याचे कार्लटन किटो हेही असेच रेकॉर्ड ऐकत तयार झाले आणि २०१६ मध्ये जाईपर्यंत पुढच्या पिढीला शिकवत राहिले.

आज रेकॉर्डची जागा मोबाइलनं घेतली आहे. स्वर न बदलता गती निम्मी करता येते, चार बार पुन्हा पुन्हा फिरवता येतात. पोरांची पद्धत अशी: आधी तुकडा गळ्यानं गायचा, जमला तरच गिटारवर शोधायचा. सरगम येत नसेल तर ‘ना-ना’वर चालेल, पण गळ्यातून निघाल्याशिवाय हात लावायचा नाही. ही शिस्त त्यांना बुवांनी लावली. व्हिडिओंवर शिकवणारे याउलट मेळांचे तक्ते पाठ करायला लावतात. माझं मत विचाराल तर मेळांच्या मागं लागून शेकडो नवशिके फुकट गेले आहेत. वर्षभर मोड घोटलेल्या पोराला एक गाणं अथपासून इतिपर्यंत वाजव म्हटलं की तो बघत राहतो. गाणी शिकावीत, थोडी शिकावीत आणि पाठ शिकावीत.

दोन आणि चार

बोटांपेक्षा अवघड गेली ती लय. आपला जोर समेवर, पहिल्या मात्रेवर. जॅझमध्ये ड्रमवाल्याच्या पायाखालची झांज दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटते, चुटकी तिथंच वाजवायची असते. शिवाय मात्रेचे दोन तुकडे सारखे पडत नाहीत. पहिला लांबतो, दुसरा पुढच्या मात्रेला लगटून येतो. हे कागदावर लिहिता येत नाही, अंगात मुरावं लागतं. मेट्रोनोमचा प्रत्येक ठोका दुसरा आणि चौथा समजून वाजवायचा हा रूढ सराव आहे. पोरं तो करतात आणि हमखास घसरतात. थोड्याच वेळात ठोका पुन्हा एक-तीनवर जाऊन बसतो.

त्यावर उपाय निघाला तबल्याचा. शेजारचा एक शाळकरी मुलगा तबला शिकतो. त्याला सांगितलं, दोन आणि चारवर फक्त चाट मार, बाकी हळू. पहिल्यांदा त्यालाच हसू फुटलं. मग जमलं. तीन कॉर्ड, दोन गिटारी, एक तबला. एक जण कॉर्ड धरतो, दुसरा त्यावर चाल वाजवतो, मग उलट. बारा बार संपले की तबलेवाला मान हलवतो. मी बसलो होतो त्या वेळी दोघं पाचव्या फेरीत एकमेकांना चुकले, थांबले, तबलेवाल्यानं एक सणसणीत शेरा मारला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. माझ्या मते जॅझचं शिक्षण ते हेच. एकट्यानं खोलीत बसून निम्मंच येतं. समोरचा पुढं काय वाजवेल हे माहीत नसताना आपली जागा न सोडणं एकट्याला शिकताच येत नाही.

वाद्याबद्दल थोडं, कारण वाचक विचारतील. पोकळ अंगाची महाग जॅझ गिटार पहिल्या वर्षी लागत नाही. तारा मात्र मानेच्या जवळ हव्यात, नाहीतर बोटं सोलतात आणि सूरही चढा लागतो. जाणकाराकडून त्या बसवून घ्याव्यात. मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा लाकडाला मानवत नाही, मान वाकते, पोट तडकू शकतं. एप्रिल-मेमध्ये गिटार भिंतीला उघडी टांगू नये, गिटारच्या पेटीत ओला स्पंज असलेली सच्छिद्र डबी ठेवावी. वीज गेली तरी वाजते, हा साध्या गिटारीचा फायदा उमरग्यात वेगळा सांगायला नको.

या मंडळींना सध्या एका माणसाची गरज आहे, मूळ सूर धरणाऱ्याची. बास गिटार असेल तर उत्तम, नसेल तर कीबोर्डवर डाव्या हातानं खालचे सूर वाजवणारा चालेल. बँजो पार्टीतले कीबोर्डवाले लग्नसराई नसताना मोकळे असतात आणि त्यांचा कान तयार असतो. उमरगा, लोहारा, मुरूम, नाहीतर सीमेपलीकडं बसवकल्याणात असा कुणी असेल आणि हा अंक त्याच्या हाती पडला, तर त्यानं रविवारी दुपारी यावं. जॅझ येत नसलं तरी चालेल. चारपर्यंत मोजता आलं पाहिजे, आणि सा हलला तर रागवायचं नाही.